‘कोट’ रेकॉर्डची बी बाजू

बाळासाहेबांचा फोन आला तेव्हा मी निगडीच्या भाजी मंडईत गवार निवडत होतो. “मोहनराव, कुठं हाय तुमी?” एवढं विचारून ते थांबले. बाळासाहेब काळभोर फोनवर कधी थांबत नाहीत, त्यांना थांबवावं लागतं. माझ्या हातातल्या शेंगा हातातच राहिल्या. “ढगे गेला राव,” ते म्हणाले. “सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत उभा व्हता. जरा बसतो म्हनला, आन् बसला त्यो बसलाच…” मी नुसतं हो हो म्हणत राहिलो. भाजीवालीनं विचारलं, “काका, घेताय का न्हाई?” मी गवार घेतली, घरी आलो, पिशवी ओट्यावर ठेवली आणि मग मला रडू फुटलं. सुधाकर ढगे एकवीस वर्षं माझा मित्र होता. त्यातले शेवटचे चौदा महिने आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नव्हतो. दोष माझा होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जीभ अडखळायची नाही.

आमची ओळख कुदळवाडीच्या भंगारबाजारातली. तेव्हा तिथं शेडच शेड असायची, आणि आमच्यासारखे कंपनीतले लोक सुट्टीच्या दिवशी तिथं जाऊन उगाच उकिरडा फुंकत बसायचे. मी भोसरीतल्या एका कंपनीत ड्रॉइंग ऑफिसला होतो, मला जुना ड्रॉइंग बोर्ड हवा होता. सुधाकर दुसऱ्या कंपनीत टूलरूमला, तो कुणीतरी टाकून दिलेली मोजमापाची हत्यारं शोधत होता. एका खोक्यावर दोघांचा हात एकदमच पडला. चाकणच्या कुठल्याशा कारखान्यातला परदेशी साहेब मायदेशी परतताना घर रिकामं करून गेला होता, त्यातलं ते खोकं. आत वीस ग्रामोफोन रेकॉर्डी. एकीचंही नाव आम्हाला धड उच्चारता येईना. पण सगळ्या एकाच कंपनीच्या होत्या, अमेरिकेतल्या एका जुन्या जाझ कंपनीच्या, मधोमध निळं लेबल असलेल्या. आणि त्यांची कव्हरं! असे फोटो मी तोवर पाहिले नव्हते. भंगारवाल्याला घाई होती, त्यानं दोघांना मिळून खोकं देऊन टाकलं. सुधाकरनं बारा घेतल्या, मी आठ. मग बाहेर चहा पिताना मी त्याला विचारलं, “तुमच्याकडं प्लेअर आहे ना?” तो म्हणाला, “न्हाई. तुमच्याकडं?” माझ्याकडंही नव्हता. आम्ही दोघं एकमेकांकडं बघून इतकं हसलो की चहावाला घाबरला.

प्लेअर सुधाकरनं बनवला. आठ महिने लागले. कुठून तरी मोडकं खोकं आणलं, मोटर आणली, आणि ताटलीखालचं बेअरिंग स्वतः लेथवर केलं. तो मूळचा औशाकडचा, लातूर जिल्ह्यातला. आयटीआय करून इकडं आलेला. काळेवाडीत बाळासाहेबांच्या चाळीत त्याची दोन खोल्यांची जागा होती. पहिल्यांदा रेकॉर्ड लावली तो गुरुवार मला लख्ख आठवतो. भोसरीतल्या आमच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, रविवारी जग झोपायचं तेव्हा आम्ही मशीनवर. दुपारचे चार. वैशाली वहिनींनी, म्हणजे सुधाकरच्या बायकोनं, चहा टाकलेला. सुई टेकली, जरा खरखर झाली आणि एकदम पितळी वाद्यांचा असा काही कल्ला उठला की खालून घरमालक वर आले. “आरं ढगे, भांडी पडली का काय?” हेच आमचे बाळासाहेब. पिढीजात शेतकरी, जमिनी गेल्या, चाळी आल्या. दारात उभे राहून त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, मग चप्पल काढून आत आले. “बाकीचं मला न्हाई कळत,” ते म्हणाले, “पन ह्यो वाजवनारा गडी आपला हाय. ढोलाला ह्यो पायजे व्हता.” त्यांना ड्रम वाजवणारा आवडला होता. त्या दिवसापासून आम्ही तिघं झालो.

पुढं सुधाकरची भोसरीची कंपनी चाकणला गेली, तो टूलरूममधून इन्स्पेक्शनला गेला, चाळ सोडून त्यानं काळेवाडीतच पुढच्या गल्लीत फ्लॅट घेतला. गुरुवार मात्र सुटला नाही. निळ्या लेबलाच्या रेकॉर्डी आम्ही कुठून कुठून गोळा केल्या. जाझमधलं बाकीचं कुणी आणून दिलं तर ऐकायचो, पण जीव या एकाच कंपनीवर. नावं उच्चारता येत नव्हती म्हणून कव्हरवरच्या चित्रावरून आम्ही बारसं करायचो. ‘लाल खुर्ची’, ‘सिगरेटवाला’, ‘विटांची भिंत’, ‘मावशी’. मावशी म्हणजे टोपी घातलेली एक करारी बाई, ती बाळासाहेबांच्या मावशीसारखी दिसायची. सुधाकरची गंमत अशी की तो कारखाना घरी घेऊन यायचा. इन्स्पेक्शनला जॉबला, म्हणजे मशीनवरून आलेल्या भागाला, टॅग लावतात तसा प्रत्येक रेकॉर्डला तो टॅग लावायचा. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे काम बाकी आहे, लाल म्हणजे बाद. टॅगवर दोष, काम, शेरा सगळं बारीक अक्षरात. मी चिडवायचो, “अरे, गाणं आहे हे, गिअर नाही.” तो म्हणायचा, “गिअर असता तर एवढं बघितलंच नसतं राव.”

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा असते, तशी सुधाकरच्या घरी प्लेअरची व्हायची. व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि मधे प्लेअर, त्यावर झेंडूचं फूल. पूजा झाली की आमची पंचायत बसायची. प्रत्येकानं आपल्या आवडीच्या पाच रेकॉर्डी सांगायच्या, निळ्या लेबलाच्याच. नियम असा की वर्षाला एकच बदल. नवी आत घ्यायची तर जुनी एक बाहेर काढायची, आणि का काढली ते सगळ्यांसमोर सांगायचं. हसू नका, या पाचांवरून आम्ही जितकं भांडलो तितकं सख्खे भाऊ जमिनीवरून भांडत नसतील. एका वर्षी बाळासाहेबांनी ‘मावशी’ काढली तर वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, “बाळासाहेब, का हो, तिनं काय घोडं मारलं तुमचं?” सुधाकरचा आणखी एक कायदा होता, त्याच्यापुरता. हिरव्या टॅगशिवाय त्याच्या पाचांत कुणाला प्रवेश नाही. गाणं कितीही आवडो, रेकॉर्ड पिवळी असेल तर दाराबाहेर.

इथंच माझ्या ‘कोट’चं घोडं अडायचं. त्या पहिल्या खोक्यातली, माझ्या वाट्याला आलेली ही रेकॉर्ड. कव्हरवर माणूस नाही. एक भिंत, भिंतीवर खुंटी, खुंटीला एक काळा ओव्हरकोट. पियानो, बास आणि ड्रम, तिघंच. ए बाजूचं दुसरं गाणं फार संथ आहे. पियानोवाला एक सूर दाबतो आणि धरून ठेवतो, आणि तो सूर हलके हलके थरथरत विरतो… माझी आई गेली त्या वर्षी मी ते गाणं रोज ऐकायचो. मला वाटायचं, या माणसाचा हात कापतोय, याचंही कुणीतरी गेलंय. माझ्या पाचांत ‘कोट’ पहिल्या वर्षापासून पहिला. सुधाकर ऐकायचा, डोळे मिटायचा आणि मान हलवायचा. “मोहन, दुःख न्हाई ते. सेंटर आऊट आहे. भोक मधोमध पडलेलं न्हाई, म्हणून रेकॉर्ड लंगडी फिरते आणि सूर हलतो.” सुई डावी-उजवीकडे कशी झोके घेते ते त्यानं मला बोटानं दाखवलंही होतं. मी म्हणायचो, “तुला काय कळतंय, जाझमध्ये असंच असतं.” पंधरा वर्षं हा वाद चालला. तो दर खंडेनवमीला म्हणायचा, “ज्या दिवशी हा सरळ होईल ना, त्या दिवशी माझ्या पाचांत घेईन. वरच्या नंबरावर घेईन.” आणि मी म्हणायचो, नको घेऊस, माझा कोट आहे तसा बरा आहे.

तो जायच्या चौदा महिने आधी त्यानं ‘कोट’ मागून नेला, धुऊन देतो म्हणून. रेकॉर्डी धुवाव्यात त्यानंच. पुढच्या गुरुवारी माझ्या घरी घेऊन आला, बाळासाहेबही होते. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. मी कव्हरातून रेकॉर्ड बाहेर काढली आणि मला घामच फुटला. मधलं भोक मोठं केलेलं, निळ्या लेबलाचा मधला भाग कापला गेलेला, आणि त्यात एक पांढरी रिंग, कारखान्यात जिला बुश म्हणतात ती, बसवलेली. जे कुणी रेकॉर्डी जमवतात त्यांना सांगायला नको. जुन्या रेकॉर्डच्या भोकाला ते वाढवणारा रीमर लावायचा म्हणजे मूर्तीचं नाक तासण्यातला प्रकार. तो म्हणाला, “आधी ऐक तरी राव.” मी ऐकलं नाही. मी बोलत सुटलो. तू ऐकत नाहीस, नुसतं मोजतोस, म्हणालो. भोकं पाडायची हौस असेल तर कंपनीत पाड, म्हणालो. इथवर ठीक होतं, मित्र मित्राला याहून वाईट बोलतात. पण मी पुढं म्हणालो, “चूक माझीच. आयटीआयवाल्याच्या हातात दिली.”

सुधाकरचं हसू लगेच गेलं नाही, तेच मला जास्त आठवतं. ते तसंच थोडा वेळ चेहऱ्यावर राहिलं. मग त्याच्या तोंडून गावाकडची बोली आली, जी एरवी तो माझ्यासमोर बोलायचा नाही. “असं का करलालास मोहन…” बस, एवढंच. चहा तसाच ठेवून तो उठला, बाहेर जाऊन बूट घातले, लेस बांधायला त्याला वेळ लागला, आणि गेला. बाळासाहेब मला म्हणाले, “लई वंगाळ बोललास.” एरवी मला अहो-जाहो करणारे बाळासाहेब. मी रेकॉर्ड कव्हरात कोंबली आणि कपाटावर फेकली. त्या दिवसापासून सुधाकर जाईपर्यंत मी तिला हात लावला नाही.

चौदा महिने हा काही लहान काळ नाही. फोन उचलून दोन शब्द बोलायला असे किती दिवस होते! पण मी तोंडाचा फटकळ आणि मनाचा भित्रा. आज करू, गुरुवारी करू, दिवाळीला करू. एकदा चिंचवडच्या सिग्नलला तो कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसलेला दिसला. मी स्कूटरवर, हेल्मेट घातलेलं. त्यानं मला ओळखलं की नाही कुणास ठाऊक. मी काच वर केली असती तरी पुरे होतं. सिग्नल सुटला आणि बस गेली. खंडेनवमीला बाळासाहेब मला न्यायला आले होते, “चला की राव, त्यो काय खानार हाय का तुमाला?” मी डोकं दुखतंय म्हणालो. एवढा वयानं वाढलेला माणूस मी, आणि शाळकरी पोरासारखी सबब सांगितली.

अंत्यविधीला मी मागं उभा राहिलो. पुढं जायची हिंमत होईना. तेराव्यानंतर दहा-बारा दिवसांनी वहिनींचाच फोन आला, “भाऊजी, या एकदा. रेकॉर्डींचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.” त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. गेलो. बाळासाहेब आधीच येऊन बसले होते. दाराच्या मागे खुंटीला सुधाकरचा कंपनीचा शर्ट होता, खिशावरच्या पट्टीत पेन तसंच. मी तिकडं पाठ करून बसलो. वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, “खंडेनवमीला यांनी तीन खुर्च्या मांडल्या होत्या. मी म्हटलं, भाऊजी येणार नाहीत. तर म्हणाले, मांडून तर ठेव.” मी कप खाली ठेवला. मी म्हणालो, “वहिनी, मी त्याला फार वाईट बोललो होतो.” त्या म्हणाल्या, “माहीत आहे मला. त्यांनी सांगितलं नाही, पण कळलं. आठ दिवस टूलबॉक्स उघडली नव्हती.” त्यांनी ते खोटं गोड करून सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

रेकॉर्डींच्या कपाटाच्या दाराला आतून पंचायतीचे टॅग लावलेले होते. एकेका वर्षाचा एकेक, सुधाकरच्या अक्षरातल्या पाच पाच ओळी. शेवटचा टॅग गेल्या खंडेनवमीचा. ‘विटांची भिंत’ खोडलेली. आणि सगळ्यात वर, एक नंबरला, ‘कोट’. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. बाळासाहेबांकडं पाहिलं तर ते खाली बघत होते. “तुम्हाला माहीत होतं?” “व्हय. पन त्यानं शपथ घातली व्हती. म्हनला, मोहनला सांगू नगा. त्याला त्याच्या कानानं कळू दे.” आणि त्या खंडेनवमीनंतरचे सहा महिनेही मी कान बंद करून बसलो होतो. मी चहा अर्धा टाकून उठलो. बाळासाहेब मागोमाग आले. ते मला एकट्याला सोडायला तयार नव्हते.

घरी येऊन कपाटावरून ‘कोट’ काढला. रेकॉर्ड बाहेर ओढली तशी कव्हराच्या तळाशी काहीतरी सरकल्याचा आवाज आला. आत टॅग होता. त्या दिवशी मी रागाच्या भरात नुसती रेकॉर्ड बाहेर काढली आणि परत कोंबली, टॅग आतच राहिला होता. मला वाटलं हिरवा असेल. पिवळा होता. म्हणजे त्याच्या पाचांत, एक नंबरला, पहिल्यांदाच पिवळ्या टॅगची रेकॉर्ड गेली होती. स्वतःचा कायदा त्यानं स्वतःच मोडला होता. अक्षर बारीक, एकेक रकाना नीट भरलेला. दोष: सेंटर आऊट, दोन्ही बाजू वेगवेगळ्या. काम: बुश बसवला, ए बाजूच्या मापानं. शेरा: ए बाजू पास. बी बाजूला दुसरा बुश लागेल, माप घेऊन ठेवलंय. मोहननं ऐकून सांगावं, मग करतो.

मोहननं ऐकून सांगावं… चौदा महिने तो माणूस काळेवाडीत बसून मी काय सांगतो याची वाट बघत होता. माप घेऊन ठेवलेलं, हात तयार, आणि मी माझा मान कुरवाळत निगडीत बसलेलो.

ए बाजू लावली. दुसरं गाणं आलं. पियानोवाल्यानं सूर दाबला, धरला… आणि तो सूर हलला नाही. सरळ गेला, विरेपर्यंत सरळ. पंधरा वर्षं मी ज्याला कापरा हात समजत होतो तो कधी कापतच नव्हता. आणि त्यातलं दुःख कमी झालं म्हणता का? नाव नको. उलट आता ते डोळ्याला डोळा भिडवून समोर उभं राहिलं, मला नजर चुकवायला जागाच राहिली नाही. मी ढसाढसा रडलो, बाळासाहेबांसमोर, लाज न बाळगता. ते म्हणाले, “सरळ वाजतंय की राव.” त्यांना ड्रमखेरीज काही कळत नाही म्हणतात, पण एवढं कळलं त्यांना.

मग मी रेकॉर्ड पालटली. बी बाजूला तो बुश चुकीचा आहे. तिथं सूर नुसता थरथरत नाही, चक्क डोलतो, पहिल्यापेक्षा जास्त. गेल्या महिन्यात वहिनींनी सुधाकरची वही दिली, तिच्यात माप सापडलं. ड्रॉइंग मला येतं, ते तर माझं कामच होतं. चाकणमध्ये शंभर लेथ आहेत, कुणीही अर्ध्या तासात बुश करून देईल. बाळासाहेब दोनदा म्हणाले, “करून घ्या की.” मी वही मिटून ठेवली आहे.

गुरुवारी चार वाजता बाळासाहेब माझ्याकडं येतात. तिसरी खुर्ची मीही मांडतो. ‘कोट’ची ए बाजू लावतो, दुसरं गाणं संपलं की मोठ्यानं सांगतो, “सुधाकर, ऐकलं रे. सरळ आहे. पास.” मग रेकॉर्ड पालटतो, आणि बी बाजू डोलत राहते. तिचं काम ज्याच्याकडं होतं त्याला मी वेळेवर सांगितलं नाही.